अक्कानं भाकरी सोडली

सुनंदा, म्हणजे माझी बायको, आत्ता बस्तीत गेली आहे. जैन मंदिराला आमच्याकडं बस्ती म्हणतात. ती परत यायच्या आत हे लिहून व्हायला हवं, कारण हे तिला माहीत नाही. अडतीस वर्षांच्या संसारात मी तिच्यापासून फारसं काही लपवलेलं नाही. लपवण्यासारखं काही घडतच नव्हतं म्हणा. पण हे लपवलं. बहिणीपासूनही लपवलं. देवापुढं हात जोडून उभा राहतो तेव्हा बाकीच्या सगळ्या चुका आठवतो आणि ही तेवढी बाजूला ठेवतो — म्हणजे बघा, तिथंही लबाडी.

माझी आई गेल्या माघात वारली. ब्याण्णव वर्षांची होती. तिचे भाऊ तिला अक्का म्हणायचे म्हणून आम्हीही अक्काच म्हणत आलो. आमच्या कॉलनीत आणि कुरुंदवाडच्या सगळ्या नात्यागोत्यात आता असं बोललं जातं, की अक्कानं शेवटी एकेक करत अन्न सोडलं. कुणी रस्त्यात भेटलं की मला हात जोडतं. मला! अशा आईच्या पोटी जन्माला आलात, भाग्यवान आहात म्हणतात. मी मान खाली घालतो. त्यांना वाटतं, नम्रपणा.

बाहेरच्या माणसाला हे ‘सोडणं’ नीट कळायचं नाही, म्हणून सांगतो. आमच्यातली म्हातारी माणसं आयुष्याच्या अखेरीला खाण्यातली एकेक गोष्ट सोडत जातात. आधी गोड, मग तूप, मग मीठ, असं. मुनी महाराजांकडून किंवा साध्वी माताजींकडून रीतसर नियम घेतात, आणि घेतला की मोडत नाहीत. ही चेष्टेची गोष्ट नव्हे. माझ्या आजोबांनी असं केलेलं मी लहानपणी पाहिलं आहे. शुद्धीत, समजून उमजून, हसतमुखानं. त्याबद्दल माझ्या मनात आजही आदरच आहे. आणि त्या आदराच्या आड मी जाऊन लपलो. किती सोपं गेलं ते! अजून माझा मलाच धक्का बसतो.

कारण अक्कानं काही सोडलं नव्हतं. तिला चावता येत नव्हतं.

थांबा. एवढंच असतं तर ते दुर्दैव झालं असतं, कबुली कशाला लागली असती? नीट पहिल्यापासून सांगतो.

त्याच्या आदल्या वैशाखात कुरुंदवाडला पुतणीचं लग्न होतं. दुपारची पंगत टेबलावर होती. अक्का माझ्या शेजारी, आणि समोर मुलाकडचे पाहुणे — चांगले इस्त्रीचे, इंग्रजी बोलणारे. बुंदीच्या लाडवाचा कण अक्काच्या कवळीखाली गेला असावा. तिनं सरळ तोंडात हात घातला, कवळी बाहेर काढली आणि ताटाशेजारी ठेवली. वरची आणि खालची, दोन्ही. ओली, गुलाबी, पिवळे कण लागलेली. समोरच्या बाईनं मान वळवली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. एक्याण्णव वर्षांच्या आईची सासष्ट वर्षांच्या मुलाला लाज! मी हळूच कागदी रुमाल ओढला, कवळी त्यात गुंडाळली आणि ताटाच्या कडेला सरकवली. अक्का तोवर पलीकडच्या मैत्रिणीशी बोलण्यात दंग झाली होती.

पुढं काय केलं ऐका. ताटं उचलायला माणसं होती. तरी मी उठून अक्काचं ताट उचललं. का? पाहुणे बघत होते म्हणून. आईचं उष्टं ताट उचलणारा मुलगा, असं दिसायला बरं वाटतं ना. ताट, वाट्या, तो रुमाल, सगळं एकत्र धरून मी कोपऱ्यातल्या पिंपात रिकामं केलं आणि ताट बाजूच्या ढिगात ठेवलं. रिकामं करताना बोटाला काहीतरी कठीण लागलं. पुष्कळ दिवस मी स्वतःला ‘लागलं असेल’ असं सांगत आलो. असेल नव्हे. लागलं होतं. पण त्याच क्षणी समोरची ती बाई म्हणाली, ‘किती करता हो आईचं!’ आणि मी हसून वळलो.

लग्न आटोपून आम्ही गाडीनं घरी निघालो. जयसिंगपूर ओलांडल्यावर मागच्या सीटवरून अक्काचा आवाज आला, ‘बाळू, माझी कवळी?’

पंधरा-वीस मिनिटांत मागं जाता आलं असतं. पिंप अजून तिथंच असतं. हात घालावा लागला असता — खरकट्यात, त्याच पाहुण्यांसमोर. मी गाडी चालवत राहिलो आणि म्हणालो, आज तू घातलीच नव्हतीस, घरी राहिली असेल. सुनंदा म्हणाली, अहो, कवळीशिवाय लाडू कसा खाल्ला? मी म्हणालो, चघळला असेल. 

घरी आलो तेव्हा दिवस मावळायचा होता. आणि मी शोधायला लागलो! जी वस्तू मीच फेकली ती शोधायला. कपाट, देव्हाऱ्यामागं, पिठाचा डबा, उशीचे अभ्रे. बॅटरी आणून खाटेखाली उजेड टाकला. अक्काही जमिनीला हात टेकून गुडघ्यावर आली आणि खाटेखाली वाकून बघायला लागली. तिच्या कमरेचा आवाज झालेला मी ऐकला. अर्ध्या तासानं ती भिंतीला टेकून बसली आणि म्हणाली, ‘डोस्कं गेलं बाळू माझं. ऱ्हाऊ दे आता.’

त्यानंतर महिनाभर घरात जो येईल तो तिला समजावत होता, की अक्का, वय झालं, विसरायला होतंच. मीही समजावलं. माझ्या तोंडातून हे शब्द कसे आले असतील? आले. सहज आले.

मी शहरात राजारामपुरीत एका दातांच्या डॉक्टरांकडं तिला घेऊन गेलो. त्यांनी बघितलं आणि म्हणाले, हिरड्या झिजल्यात, खालची कवळी बसवायला वेळ लागेल, माप घ्यायला चार-पाच वेळा यावं लागेल, पण होईल. ‘होईल’ म्हणाले ते. मी शिरोली एमआयडीसीत चाळीस वर्षं फाउंड्रीसाठी लाकडी पॅटर्न बनवले. पॅटर्न म्हणजे ज्याच्यावरून ओतकामाचा साचा पडतो तो नमुना. केसाइतका फरक पडला तर माल परत येतो. माप म्हणजे काय आणि त्याला किती खेपा लागतात हे मला कुणी शिकवायला नको होतं. तरी जिना उतरताना अक्काचा दंड धरून मी काय विचार केला? एक्याण्णव वर्षं झाली. आता कशाला? घरी येऊन सुनंदाला सांगितलं, डॉक्टर म्हणतात या वयात नाही होणार.

हे दुसरं खोटं. पहिलं भीतीनं बोललो असं म्हणता येईल. हे कशानं बोललो? कंटाळ्यानं. चार-पाच खेपांच्या कंटाळ्यानं.

मग अक्काचं ताट आकसत गेलं. जोंधळ्याची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी हे तिचं जेवण, जन्मभराचं. त्यातली चटणी आधी गेली. मग भाकरी. मग चपाती, भाजी. सुनंदा बिचारी पेज करायची, भात मऊ शिजवायची, डाळीचं वरण घोटून द्यायची. अक्का थोडं खायची. आम्ही एकमेकांना सांगायचो, म्हातारपणी भूक मरतेच, म्हातारी माणसं पाखरासारखी खातात. सगळेच असं म्हणतात, नाही का? इतकं सगळे म्हणतात, की ते खरं आहे का हे कुणी त्या म्हाताऱ्या माणसाला विचारतच नाही.

भाद्रपदात आमचं दशलक्षण हे दहा दिवसांचं व्रत-उपासांचं पर्व असतं. त्या दिवसांत शेजारच्या मगदूम काकू घरची ताजी भाकरी घेऊन आल्या. अक्का म्हणाली, ‘नको गं, भाकरी सोडली मी.’ म्हणजे खायची बंद केली, एवढंच. बिड्या सोडल्या, दुकान सोडलं, म्हणतो की आपण, तसं. पण पर्वाचे दिवस, समोर काकू, आणि शब्द ‘सोडली’. काकूंनी भाकरीचं ताट खाली ठेवलं, पदर डोक्यावर घेतला आणि दारात उभ्या असलेल्या मला विचारलं, ‘बाळासाहेब, अक्कांनी त्याग केला व्हय?’

काय उत्तर देता आलं असतं? नाही काकू, दात नाहीत तिला. मग दात का नाहीत, नवे का नाही केले, डॉक्टर कोण, काकूंचा जावईच दातांचा डॉक्टर, त्याला दाखवू की — हे सगळं एका क्षणात माझ्या डोळ्यांपुढून गेलं. मी म्हणालो, ‘हो. हळूहळू सोडत आणलंय तिनं.’

एका वाक्यात घर बदलून गेलं. दुसऱ्या दिवसापासून लोक यायला लागले, पाया पडायला. अक्का पाय ओढून घ्यायची, म्हणायची, ‘न्हाय गं बायांनो, तसलं काय न्हाय.’ आणि बाया एकमेकींकडं बघून म्हणायच्या, बघा, केवढं केलंय आणि बोलून दाखवत नाहीत! ती खरं बोलत होती आणि तिचं खरं कुणाला ऐकूच जात नव्हतं. मी शेजारी उभा राहून पाहुण्यांना पाणी देत होतो. आणि हेही सांगतो, मला बरं वाटत होतं. त्या घराला, त्या आईला, म्हणजे मला, मान मिळत होता.

पण सगळ्यात भयंकर वेगळंच झालं. सुनंदानं आग्रह करणं बंद केलं. आधी ती मागं लागायची, एवढे दोन घास घ्या, शिरा करू का, केळं कुस्करून देऊ का. आता म्हणाली, नियम घेतलेल्या माणसाला खा खा म्हणणं पाप आहे, मी त्यांना मोहात पाडणार नाही. ताक, पेजेचं पाणी, आमटीचं वरचं पाणी एवढंच पुढं ठेवायला लागली, तेही हात जोडून. माझ्या त्या एका ‘हो’नं माझ्या आईच्या तोंडापर्यंत येणारा मऊ घाससुद्धा थांबवला. हे मला तेव्हाच दिसत होतं. दिसत होतं, म्हणूनच लिहितोय.

दिवाळीनंतर आमचे नेहमीचे डॉक्टर घरी आले. अक्काच्या हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकत होत्या. त्यांनी तिचा दंड चिमटीत धरला आणि जवळजवळ ओरडलेच, ‘ह्यांच्या पोटात डाळ, दूध, काही जातंय का? अंगावर मांस राहिलेलं नाही. या वयात तर जास्त द्यायला पाहिजे, कमी नव्हे!’ मी म्हणालो, त्याग केलाय त्यांनी. डॉक्टरांनी पेन खिशात ठेवलं. हात जोडले. औषधाची चिठ्ठी न लिहिता निघून गेले. एका शब्दापुढं डॉक्टर गप्प झाला, आणि तो शब्द माझा होता.

मार्गशीर्षात एक दिवस दुपारी सुनंदा बस्तीत गेली होती, अक्का उन्हात बसली होती. थंडी वाढली म्हणून मी तिचे लोकरीचे मोजे शोधायला तिचं कपाट उघडलं. लुगड्यांखाली एक हातरुमाल होता, गाठ मारलेला. मला वाटलं, औषधाच्या गोळ्या. सोडला.

भाकरीचे तुकडे होते. चघळून, चोथा होऊन, वाळून कडक झालेले. पंचवीस-तीस असतील. काहींवर बुरशी होती. एकावर तिच्या हिरड्यांचा ठसा उमटलेला होता.

मला काही क्षण कळलंच नाही मी काय बघतोय. मग कळलं, आणि मी तिथंच कपाटापुढं खाली बसलो. घरात कुणी नसताना ती स्वयंपाकघरात जाऊन दुरडीतली भाकरी मोडून घेत होती. तोंडात धरून जेवढा रस निघेल तेवढा गिळत होती. उरलेलं गिळता येत नव्हतं, आणि टाकलं तर कुणाला तरी दिसलं असतं. ज्या बाईच्या लोक पाया पडतात तिनं भाकरी खाल्लेली दिसली असती. म्हणून लपवत होती. माझी आई स्वतःच्या घरात अन्नाची चोरी करत होती, माझी लाज राखायला. तिला भूक होती. रोज होती. महिनोन् महिने होती.

इथं तरी मी उठलो असेन, असं तुम्हाला वाटत असेल ना? मलाही वाटतं, दर वेळी आठवताना, की आता हा माणूस उठेल, बाहेर जाईल, आईच्या पायाशी बसेल. मी तुकडे परसात नेऊन पुरले. रुमाल धुतला, वाळवला, घडी घालून लुगड्यांखाली ठेवला. संध्याकाळी बाजारातून केळी आणली आणि टेबलावर ठेवली. तेवढंच. तिला दिली नाहीत, ठेवली. तीन दिवसांनी ती काळी पडली, तेव्हा सुनंदानं गाईला घातली.

अक्कानं तो धुतलेला रुमाल बघितला असणारच. म्हणजे मला माहीत आहे हे तिला कळलं, आणि तरी मी काही केलं नाही, हेही कळलं.

पौषात पायी विहार करत एक माताजी आमच्या बस्तीत उतरल्या. सुनंदानं हट्टानं अक्काला चाकाच्या खुर्चीतून दर्शनाला नेलं. काकू होत्या, मी होतो. माताजींनी अक्काकडं निरखून बघितलं आणि विचारलं, नियम कुणाकडून घेतलात? अक्कानं माझ्याकडं बोट केलं. ‘ह्यानं दिलाय. माझ्या ल्योकानं.’ काकू कौतुकानं हसल्या. माताजी हसल्या नाहीत. म्हणाल्या, गृहस्थाच्या सांगण्यावरून अन्न सुटत नसतं. मग वाकून अक्काला विचारलं, भूक लागते का?

‘लागती की,’ अक्का म्हणाली.

जे मी आठ महिन्यांत विचारलं नाही ते त्यांनी एका मिनिटात विचारलं. सुनंदाच्या हातातली, वाहायला आणलेली तांदळाची पुडी खाली पडली. माताजी तिला म्हणाल्या, आजच, सूर्य मावळायच्या आत, ह्यांना मऊ काहीतरी जेवायला घाल.

सुनंदा घरी येऊन रडत रडत मुगाची पातळ खिचडी करायला लागली. तिला वाटत होतं, अक्कांच्या ‘सोडली’चा अर्थ लावण्यात तिचीच चूक झाली. अजून तिला तसंच वाटतं. मी आणि अक्का बाहेर व्हरांड्यात बसलो होतो. माझ्याकडं न बघता अक्का म्हणाली, ‘कागदात तू गुंडाळलास ते बघितलं हुतं मी.’

 मी विचारलं, मग त्या दिवशी खाटेखाली काय शोधत होतीस?

‘तू शोधाय लागलास की. मग मी काय बसून ऱ्हाऊ?’

यावर मी म्हणालो, पाणी आणतो. आणि आत गेलो. मी माझ्या आईची माफी मागितली नाही. त्यानंतर ती एकोणीस दिवस होती. एकोणीस सकाळी आल्या, आणि एकाही सकाळी मी मागितली नाही.

खिचडीचे तीन-चार चमचे जायचे, मग उलटून पडायचे. डॉक्टर म्हणाले, शरीरात धरून ठेवायला काही उरलेलंच नाही. फार उशीर झाला. ती गेली तेव्हा मी तिला उचललं. ते वजन मी सांगणार नाही. सांगता येणार नाही.

पेपरात द्यायच्या निधनवार्तेत सुनंदानं ‘वृद्धापकाळाने’ लिहिलं होतं. त्यावर ‘त्यागमूर्ती’ हा शब्द मी घातला. माझ्या हातानं, सगळं माहीत असताना. शोकसभेत कुणी उठून म्हणालं, माताजींनी मोकळीक दिली तरी अक्कांचं मन अन्नात परतलंच नाही. सभेनं माना डोलावल्या. मीही डोलावली. ती भुकेनं गेली, आणि तिच्या भुकेवर मी मोठेपणा मिळवला. हेच ते. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं.

गेल्या आठवड्यात सुनंदा मगदूमांच्या घरून आली, चेहरा उजळलेला. म्हणाली, ‘काकूंनी अक्कांचा आदर्श घेतला हो. चटणी सोडली, आता भाकरी सोडली म्हणतात. ऐंशीला एक कमी आहे त्यांना. कुणाकडं नियम घेतला विचारलं, तर म्हणाल्या, अक्कांचं बघून मनानंच.’ मी पेपर वाचत होतो. पेपर खाली न करता म्हणालो, ‘बरं.’

काकू रोज सकाळी फाटकाशी येऊन तुळशीला पाणी घालतात. आज त्यांच्या हातातल्या बांगड्या तांब्या कलता करताना कोपराकडं सरकलेल्या मी खिडकीतून बघितल्या. त्यांनी वर बघून मला हात जोडले. मीही जोडले.